लिनक्सचा साठा (भाग ६) : चार टीबीची डिस्क दोनवरच का अडते?

गोडादरा, लिंबायत, डिंडोली हा सुरतेचा पट्टा खानदेशातून आलेल्या मराठी माणसांचा. इथे जिकडेतिकडे साडीचा धंदा, आणि आता त्यातली बरीचशी कारागिरी संगणकावर चालते. डिजिटल प्रिंटच्या एका डिझाइनची फाइल सहज शेकडो एमबीची होते. त्यात प्रत्येक डिझाइनची चार-सहा मॅचिंग. जुनं डिझाइन पुसायचीही सोय नाही, कारण व्यापारी दोन वर्षांनी तेच मागतो. म्हणून या आठवड्याचा नमुना अशाच डिझाइनच्या दुकानातला घेऊ.

समजा, दुकानात लिनक्सचा सर्व्हर आहे. दोन-दोन टीबीच्या तीन डिस्क रेड-५ मध्ये बांधलेल्या आहेत. रेड-५ मध्ये एका डिस्कइतकी जागा सुरक्षेसाठी जाते, म्हणून वापरायला मिळतात चार टीबी. जागा भरली, तेव्हा मालकाने एकेक डिस्क काढून चार टीबीची बसवली. दर वेळी जुन्या डिस्कचं पार्टिशन टेबल एसएफडिस्कने नव्या डिस्कवर जसंच्या तसं उतरवलं. शेवटी रेड सांभाळणाऱ्या एमडीॲडमला ‘ग्रो’ची आज्ञा देऊन आकार कमाल करायला सांगितलं. आठ टीबी व्हायला हवे होते. वाढलं काहीच नाही.

अशा वेळी बहुतेक जण फाइल सिस्टिमच्या मागे लागतात. माझ्या मते सुरुवात तळापासून करावी : आधी डिस्क, मग पार्टिशन, मग रेड, आणि फाइल सिस्टिम सगळ्यात शेवटी. एलएसबीएलके ही आज्ञा चालवली की यातले पहिले तीन थर एकाखाली एक दिसतात. आपल्या नमुन्यात डिस्क ३.६ टी दिसेल, कारण कंपनी हजाराने मोजते आणि लिनक्स १०२४ ने. त्याच डिस्कवरचं पार्टिशन मात्र १.८ टी. अडलं ते इथेच. शेत चार एकरांचं झालं, पण सातबाऱ्यावर दोनच एकर लागले आहेत. रेडला उताऱ्यावरचीच जमीन दिसते.

मग पार्टिशन वाढवू म्हटलं, तर ते दोन टीच्या पुढे सरकत नाही. मोठ्या डिस्कवर जुनं टेबल असेल तर एफडिस्क इशाराही देतो आणि त्यात आकडा सांगतो : २१९९०२३२५५०४० बाइट. तो असा येतो. जुनं एमबीआर टेबल १९८३ सालचं, दहा एमबीची हार्ड डिस्क असलेल्या आयबीएम पीसी एक्सटीच्या काळातलं. त्यात सेक्टरचा आकडा लिहायला ३२ बिटच ठेवलेले आहेत. सेक्टर ५१२ बाइटचा धरला, तर सगळा हिशेब दोन टीबीच्या किंचित पुढे संपतो. जीपीटी टेबलात हाच आकडा ६४ बिटांचा असतो. तिथली मर्यादा आपल्या दुकानांना कधी गाठता येणार नाही.

दुरुस्ती सोपी आहे, पण वेळ खाते. पहिलं काम, सगळ्या डिझाइनांची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्या. रेड म्हणजे बॅकअप नव्हे. रेड-५ मधली एक डिस्क बाहेर असताना दुसरी गेली, तर सगळंच गेलं. मग एकच डिस्क रेडमधून काढा, तिच्यावरची रेडची जुनी खूण आणि टेबल पुसा, जीपीटी टेबल करा. पार्टिशन करताना शेवटी शंभरेक एमबी मोकळे सोडा, कारण पुढे दुसऱ्या कंपनीची डिस्क आणली तर ती थोडी लहान निघू शकते. डिस्क परत जोडा आणि रेडची स्थिती दाखवणारी एमडीस्टॅट फाइल पाहत राहा. चौकटी कंसात दोन यू आणि एक आडवी रेघ दिसते, तोवर दुसऱ्या डिस्कला हात लावू नका. तिन्ही यू आले की पुढची घ्या. सर्व्हरमध्ये एक साटा पोर्ट रिकामा असेल तर एमडीॲडमचा ‘रिप्लेस’ पर्याय अधिक चांगला. त्यात नवी डिस्क भरेपर्यंत जुनी कामातच राहते.

तिन्ही झाल्या की पुन्हा ‘ग्रो’. आता रेड ७.३ टीच्या आसपास दिसेल, म्हणजेच आठ टीबी. सगळ्यात शेवटी फाइल सिस्टिम : एक्सटी४ असेल तर रिसाइझटूएफएस, एक्सएफएस असेल तर एक्सएफएस-ग्रोएफएस. दोन्ही कामं चालू सर्व्हरवर होतात. एक्सएफएस मात्र वाढवल्यावर पुन्हा लहान करता येत नाही.

कुणी रेडवरच आणखी एक जीपीटी टेबल केलेलं असतं. जीपीटीची दुसरी प्रत डिस्कच्या अगदी शेवटी असते. रेड वाढला की ती मधेच राहते आणि पुढची जागा वापरता येत नाही. पार्टेड ते ओळखून विचारतो, तेव्हा ‘फिक्स’ म्हणा.

हे सगळं फक्त डेटाच्या डिस्कसाठी आहे. सर्व्हर याच डिस्कवरून बूट होत असेल तर टेबल बदलण्याआधी थांबा, त्याला बूटसाठी वेगळं पार्टिशन लागतं. ते, आणि जुन्या एक्सटी४ची सोळा टीबीची भिंत, पुढच्या आठवड्यात. तोवर आपल्या सर्व्हरवर एलएसबीएलके चालवून तिन्ही आकडे वहीत लिहून ठेवा.