सुपारीच्या सावलीत पिंपळी

पनसाऱ्याच्या दुकानातली पिंपळी सर्वांच्या ओळखीची आहे. वैद्यांच्या त्रिकटूत ती सुंठ-मिऱ्यांबरोबर असते. हकीम तिला फिलफिल दराज म्हणतात. पण ही वेल आपल्याच सह्याद्रीच्या रानात, मोठ्या झाडांच्या सावलीत जमिनीलगत पसरते, हे विकणाऱ्यांपैकीही थोड्यांनाच ठाऊक असते.

श्रीवर्धन-मुरुडकडे आपल्यापैकी अनेकांच्या सुपारीच्या वाड्या आहेत. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात या पट्ट्यातली झाडे आडवी झाली. नवी सुपारी उत्पन्नाला यायला पाच-सात वर्षे लागतात. तोवर उरलेल्या झाडांखालची जमीन रिकामी ठेवण्यापेक्षा तेथे पिंपळी लावता येते. भर उन्हात मात्र ती टिकत नाही. सावलीच गेली असेल तर आधी केळ उभी करावी.

मार्च-एप्रिलमध्ये तीन-चार पेरांचे तुकडे पिशवीत रुजवून पावसाच्या तोंडावर दोन-दोन फुटांवर लावतात. शेणखत भरपूर हवे, मुळाशी पाणी साचता कामा नये. उन्हाळ्यात पाल्याचे आच्छादन आणि शिंपण चुकवू नये. सुपारीला पाणी द्यावेच लागते, त्यातच हिचे भागते.

खरी फसगत रोपे घेताना होते. पिंपळीत नर आणि मादी वेली वेगळ्या असतात. नराचे कणीस लांब आणि बारीक, मादीचे आखूड आणि जाड. बाजारातली पिंपळी म्हणजे मादीचे कणीस. आमच्या नात्यातल्या एकाने ‘माल आम्हीच परत घेऊ’ या तोंडी भरवशावर वेली घेतल्या. वर्षभर राबल्यावर कळले की बहुतेक सगळ्या नर! विकणारा तोवर पत्ता बदलून मोकळा झाला होता. सुताचा नमुना बोटांत चोळून पाहिल्याशिवाय आपण गाठ सोडवत नाही, मग येथेच घाई का? ज्या वेलीला जाड कणसे धरलेली डोळ्यांनी पाहिली, तिचेच तुकडे घ्यावेत.

लागवडीनंतर सहाएक महिन्यांत कणसे येऊ लागतात. धरल्यापासून दोन महिन्यांनी ती काळपट हिरवी व टणक होतात, तेव्हाच खुडावीत. पिकू दिली तर तिखटपणा जातो. चार-पाच दिवस कडक उन्हात वाळवल्यावर दहा किलो ओल्या मालाचे दीड किलोच उरते. कापड आटते, पण इतके नाही! शिवाय खुडणी हाताची आणि वर्षातून तीन-चार वेळा. त्यामुळे मजुरी हेच खर्चाचे मोठे कलम. घरची माणसे खुडणार असतील तर हिशेब बसतो, सगळेच रोजंदारीवर असेल तर आधी कागदावर मांडून पाहावे.

तीन वर्षांनी वेल थकते. तेव्हा जाड खोड व मुळे तुकडे करून वाळवतात. तेच पिंपळमूळ, गुजराती व्यापाऱ्यांचा गंठोडा. म्हणून पहिल्या वर्षाच्या वहीवरून नफा-तोटा ठरवू नये.

भावाच्या बाबतीत एक लक्षात ठेवावे. इंडोनेशियाकडची पिंपळी वेगळ्या जातीची, दिसायला मोठी असते. दलाल तिचाच भाव आपल्या मालाला लावू पाहतो. पहिल्या पावसाळ्यात पन्नास वेली पुरे. त्यांचा वाळलेला माल घेऊन दोन-तीन काष्ठौषधी व्यापाऱ्यांकडे स्वतः जावे, नमुना दाखवावा, किती माल कोणत्या भावाने घेणार ते लिहून मागावे. उरलेल्या वाडीसाठी तुकडे त्यानंतर कापावेत.