वेगात वळणारा ड्रोन

देवळाली कॅम्पात ड्रोन उडवायचा मोह टाळलेलाच बरा. हा तोफखाना प्रशालेचा लष्करी मुलूख. ‘ड्रोन नियम २०२१’ लागू आहेत, तेव्हा सरकारच्या ‘डिजिटल स्काय’ संकेतस्थळावरचा नकाशा आधी पाहावा आणि त्यातल्या हिरव्या क्षेत्रात, १२० मीटर उंचीच्या आतच सराव करावा.

नवखा माणूस वळताना नुसती रिमोटची डावी काठी ढकलतो. ड्रोनचं तोंड फिरतं, पण अंगातल्या वेगामुळे तो बाहेर घसरतो आणि चित्र हिसका देतं. त्याऐवजी उजवी काठी पुढे ठेवूनच वळणाच्या बाजूला हलकेच कलवावी, त्याच वेळी डावीनं तोंड फिरवत न्यावं. सायकलस्वार वळणावर कलतो, तसंच हे. क्षितिज सरळ ठेवायचं काम कॅमेरा स्थिर धरणारा गिंबल करतो.

वेग दुप्पट केला, तर त्याच कलाला वळणाची त्रिज्या चौपट लागते. कल ३० अंश आणि वेग सेकंदाला १० मीटर असेल, तर सुमारे १८ मीटर त्रिज्या पुरते. वेग १५ मीटर झाला की ४० मीटर हवी. झाडांजवळ हे विसरू नये. स्पोर्ट मोडमध्ये तर बऱ्याच ड्रोनचे अडथळा ओळखणारे सेन्सर बंदच असतात!

हिसका बहुधा वळण संपताना बसतो. म्हणून काठ्या चिमटीत धरा आणि शेवट येण्याआधीच हळूहळू सोडू लागा. चित्रीकरण सेकंदाला २५ फ्रेमचं असेल, तर शटर १/५० ठेवा. उन्हात त्यासाठी प्रकाश कमी करणारा एनडी फिल्टर लागतोच.

सुरुवातीला इंग्रजी आठच्या आकड्यासारखी मोठी, संथ वळणं घ्या. वेग मागाहून वाढवा.