लेखणी आमची, सही त्यांची

खाजगीकरण, उदारीकरण आणि जागतिकीकरण या खाउजा धोरणाने बहुजन समाजाकडून काय काय हिरावून घेतले, याचा हिशेब चळवळीने अनेकदा मांडला आहे. त्याच धोरणाने आमच्या काही शिकलेल्या मुलामुलींच्या हातात एक काम ठेवले आहे. त्याची चर्चा मात्र आपल्या व्यासपीठांवर जवळजवळ होतच नाही. हे काम लिहिण्याचे आहे. अमेरिका-युरोपातील औषध कंपन्यांचे वैद्यकीय लेखन इकडच्या माणसांकडून, तेही नोकरीवर न घेता, कामापुरते करून घेतले जाते. आमच्या दृष्टीने हा प्रश्न रोजगाराचा आहेच, पण त्याहून अधिक तो लेखणीच्या मालकीचा आहे.

बुलडाणा जिल्ह्यातील मेहकर तालुक्यात डोणगाव आहे. सोयाबीन, तूर, कपाशीवर जगणारे हे गाव. तेथील बौद्ध वस्तीतला एक तरुण आमच्या माहितीतला आहे. आईवडील दुसऱ्याच्या शेतात राबले आणि मुलगा भारत सरकारच्या शिष्यवृत्तीवर बी. फार्म. आणि पुढे एम. फार्म. झाला. (ही मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती 1944 साली सुरू झाली. बाबासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. ती वेळेवर न देण्याची परंपरा मात्र नंतरच्या राज्यकर्त्यांची.) काही वर्षे पुण्यात नोकरी केली, वडिलांना लकवा मारला म्हणून गावी परतला. आता घरातल्या एका खोलीत लॅपटॉप आणि इन्व्हर्टर घेऊन रात्री उशिरापर्यंत लिहीत बसतो, कारण तिकडचा दिवस म्हणजे इकडची रात्र.

तो काय लिहितो हे समजून घेतले पाहिजे. औषध बाजारात येण्याआधी माणसांवर तपासले जाते. त्या चाचणीतून आकड्यांचे आणि तक्त्यांचे ढीग तयार होतात. त्यांचा अहवाल कसा मांडायचा याचा आराखडा अमेरिका, युरोप व जपान यांनी मिळून 1995 साली ठरवला आणि आज जगभर तोच चालतो. चाचणी सुरू असताना जो रुग्ण दगावला किंवा ज्याला गंभीर त्रास झाला, त्या प्रत्येकाची हकिगत अहवालासोबत द्यावी लागते. गोळी कितव्या दिवशी सुरू झाली, छातीत कितव्या दिवशी दुखले, कोणते उपचार केले, औषधाचा त्या त्रासाशी संबंध आहे की नाही याविषयी डॉक्टरांचे मत काय. रुग्णाला तेथे नाव नसते, क्रमांक असतो. डोणगावचा हा तरुण अशा हकिगती लिहितो. एका हकिगतीमागे ठरलेली रक्कम मिळते. ज्याच्याविषयी लिहिले त्याला नाव नाही आणि ज्याने लिहिले त्यालाही नाही.

औषध कंपनी हे काम एका मोठ्या सेवा कंपनीला देते, ती इकडच्या लहान कंपनीला देते आणि लहान कंपनी या तरुणाला. करारात त्याचा उल्लेख ‘स्वतंत्र सल्लागार’ असा आहे. पदवी भारदस्त, पण तिचा व्यवहारातला अर्थ इतकाच की प्रॉव्हिडंट फंड नाही, आजारपणाची रजा नाही आणि काम थांबवताना नोटीसही नाही. मधल्या एका ठेकेदाराने तीन महिन्यांचे पैसे अडवले, तेव्हा दाद कोणाकडे मागायची हेच त्याला कळेना. मालक एका देशात, ठेकेदार दुसऱ्या शहरात आणि कामगार डोणगावात!

आमचे काही ज्येष्ठ कार्यकर्ते या कामाला सायबर गुलामी म्हणून मोकळे होतात. आम्हाला ते पटत नाही. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या आमच्या नेट-सेट झालेल्या मुलांपेक्षा या तरुणाची प्राप्ती बरी आहे. गावात राहून, आईवडिलांना सांभाळून, कोणापुढे हात न पसरता तो जगतो. मुंबई-पुण्यात या क्षेत्राने चांगले बस्तान बसवले आहे. 2002 साली मुंबईत सुरू झालेली कॅक्टस कम्युनिकेशन्स ही कंपनी जपानी संशोधकांचे इंग्रजी लेख सुधारून देत मोठी झाली. पण या कंपन्यांत शिरण्याचा रस्ता इंग्रजी माध्यम, महानगर आणि ओळखीपाळखी यांतून जातो. 2002 च्या जानेवारीत भोपाळ जाहीरनाम्याने खाजगी क्षेत्रात दलित-आदिवासींचा वाटा मागितला होता. तो मिळाला नाहीच, आणि आता तर काम नोकरीच्याही चौकटीबाहेर गेले आहे. जेथे नोकरीच नाही तेथे आरक्षण कशाचे मागणार?

साखळीच्या शेवटच्या कडीचे काय होते याचा एक दाखला साऱ्या जगासमोर आहे. 2003 साली सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठ रुग्णालयाला कराचीहून एक ई-मेल आला. रुग्णालयातील डॉक्टरांनी बोललेल्या नोंदी टंकलिखित करण्याचे काम कॅलिफोर्नियातल्या एका कंपनीकडे होते. तिने ते फ्लोरिडात दिले, फ्लोरिडाहून टेक्सासला गेले आणि टेक्सासहून कराचीतल्या एका बाईकडे. बाईचे पैसे थकले. पैसे द्या, नाहीतर रुग्णांच्या नोंदी इंटरनेटवर टाकीन, असे तिने कळवले आणि पुरावा म्हणून काही नोंदी सोबत जोडल्या. थोडे पैसे हाती पडल्यावर तिने धमकी मागे घेतली. तिने केले ते गैर होते, कारण रुग्णाच्या गुपिताचा सौदा करण्याचा अधिकार कोणालाच नाही. परंतु त्यानंतर अमेरिकेत जो गदारोळ झाला तो परदेशी लोकांच्या हाती आपल्या नोंदी जातात याचा होता. तिची मजुरी कोणी आणि का बुडवली, हा प्रश्न त्या गदारोळात कुठल्या कुठे गेला.

आता नावाचा मुद्दा. निनावी लिहिणे म्हणजे कमीपणा असे आम्ही मानत नाही. 31 जानेवारी 1920 रोजी ‘मूकनायक’ निघाला तेव्हा बाबासाहेब सिडनहॅम कॉलेजात सरकारी प्राध्यापक होते. त्यामुळे संपादक म्हणून नाव पांडुरंग नंदराम भटकर यांचे होते आणि अग्रलेख बाबासाहेबांचे. पण ते नाव झाकणे स्वतःच्या विचारासाठी आणि स्वतःच्या समाजासाठी होते. 1927 साली ‘बहिष्कृत भारत’ काढताना ते उघडपणे संपादक झाले. औषधांच्या बाजारात नाव झाकले जाते ते नेमके उलट्या कारणासाठी.

अमेरिकेतील वायेथ या कंपनीचे प्रकरण पाहा. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांना दिल्या जाणाऱ्या तिच्या संप्रेरकांच्या गोळीमुळे स्तनाच्या कर्करोगाचा आणि पक्षाघाताचा धोका वाढतो, हे 2002 साली एका मोठ्या सरकारी अभ्यासात दिसले आणि गोळीची ती चाचणी मुदतीआधी थांबवावी लागली. पुढे 2009 साली न्यायालयामार्फत जी कागदपत्रे बाहेर आली त्यांतून कळले की, या उपचाराची भलामण करणारे 26 लेख कंपनीने पैसे मोजून लेखन कंपनीकडून तयार करवून घेतले होते आणि त्यांवर नावे मात्र नामवंत डॉक्टरांची होती. वाचणाऱ्या डॉक्टरला वाटले, तज्ज्ञ बोलतो आहे. बोलत होती कंपनी.

हे फक्त तिकडेच घडते असे समजू नये. आपल्या संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीने मे 2012 मध्ये केंद्रीय औषध नियंत्रण यंत्रणेवर 59 वा अहवाल दिला. नव्या औषधांना मान्यता मिळावी म्हणून निरनिराळ्या शहरांतील तज्ज्ञ डॉक्टरांनी पाठवलेली शिफारसपत्रे समितीने तपासली. काही पत्रे शब्दाला शब्द सारखी निघाली! त्यामागे औषध कंपन्यांचेच अदृश्य हात असल्याचा ठपका समितीने ठेवला.

सही कोणाची आणि शरीर कोणाचे, याचे सर्वांत विदारक उदाहरण आंध्रातल्या खम्मम जिल्ह्याचे (तो आता तेलंगणात आहे). 2009 साली तेथे गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लसीच्या प्रकल्पात सुमारे 14 हजार मुलींना लस टोचली गेली. त्यांत आदिवासी आश्रमशाळांतल्या मुली मोठ्या संख्येने होत्या. अनेक संमतिपत्रांवर आईबापांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या होत्या. 2010 साली केंद्राने प्रकल्प थांबवला. ज्या मुलींचे मृत्यू झाले त्यांचा लसीशी संबंध चौकशीत दिसला नाही, हे नमूद केलेच पाहिजे. लस वाईट आहे असे आमचे म्हणणे नाही, आपल्या मुलींना ती मिळायलाच हवी. पण ज्या आईला कागद वाचून दाखवलाच नाही, तिच्या मुलीच्या वतीने अधीक्षक सही ठोकतो, ही कोणती संमती? अधीक्षकाला हे धैर्य येते कोठून, याचे उत्तर जातिव्यवस्थेत आहे.

म्हणून आम्हाला डोणगावच्या लेखणीचे महत्त्व वाटते. जो तरुण अमेरिकेतल्या रुग्णाला झालेला त्रास इतक्या काटेकोरपणे लिहू शकतो, त्याच्या लेखणीची गरज त्याच्याच जिल्ह्याला आहे. 2025 च्या जानेवारीत शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत लोकांचे केस अचानक झडू लागले, काहींना आठवड्याच्या आत टक्कल पडले. दिल्लीहून पथके आली, नमुने गेले. महाडला रुग्णसेवा करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर स्वतः या गावांत आले, रक्त, लघवी आणि केस तपासून घेतले आणि सेलेनियमचे वाढलेले प्रमाण दाखवत त्यांनी रेशनच्या गव्हाकडे बोट दाखवले. हेच बावस्कर कोकणात विंचूदंशाचे रुग्ण बघता बघता त्यांच्या नोंदी ठेवत होते. 1982 साली त्यांचा लेख लंडनच्या ‘लॅन्सेट’ने स्वतःच्या नावाने छापला. त्यांना ना मोठ्या संस्थेचा आधार होता, ना लिहून देणारी कंपनी. रेशनचा गहू खाणाऱ्या माणसाची हकिगत नोंदवणे हेसुद्धा वैद्यकीय लेखनच आहे, फक्त त्याचे पैसे द्यायला कोणी बसलेले नाही.

युरोपात 2022 पासून नव्या कायद्याने चाचणीचे निष्कर्ष सामान्य माणसाला कळतील अशा सोप्या भाषेत देणे बंधनकारक झाले आहे. आमच्याकडे मराठी संमतिपत्रक म्हणजे इंग्रजीचे शब्दशः भाषांतर. ते वाचून रुग्णाला काही कळत नाही आणि बऱ्याचदा सही घेणाऱ्यालाही नाही. हे पत्रक माणसाच्या मराठीत लिहिण्याचे काम आमची फार्मसी आणि नर्सिंग झालेली मुलेमुली करू शकतात. नागपूर, अकोला, औरंगाबादच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतील नैतिकता समित्यांनी ते त्यांना मोबदला देऊन, नावानिशी द्यावे, अशी मागणी चळवळीने लावून धरायला हवी.

तोवर परदेशी काम करणाऱ्यांनी निदान करार नीट वाचावा. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचा नियम असा की, लेखक नसलेल्या पण लेखनाला मदत करणाऱ्याचे नाव आभारात द्यावे आणि पैसे कोणी दिले तेही लिहावे. तेव्हा नाव मागणे म्हणजे याचना नव्हे. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गिग कामगार हा शब्द आला आहे. त्या शब्दाखाली ओला-स्विगीची मुले आठवतात, रात्री जागून लिहिणारी ही मुले कोणालाच आठवत नाहीत. शिवाय आता पहिला मसुदा यंत्राकडून लिहून घ्यायचा आणि माणसाकडून फक्त तपासून घ्यायचा, अशी वाट कंपन्यांनी धरली आहे. डोणगावच्या तरुणालाही गेल्या महिन्यात असे पत्र आले. तपासण्याचा दर लिहिण्याच्या निम्मा आणि चूक निघाली तर जबाबदारी त्याची. त्याने अजून सही केलेली नाही. मेहकरच्या एका वकिलाकडे तो करार घेऊन गेला आहे.