डॉल्फिन बघायचाय? मग आधी इंजिन बंद करा



मी बोलतेय बोरसीहून. म्हणजे छत्तीसगडमधल्या भिलाई-दुर्ग या जोडशहरातून. इथून कुठल्याही दिशेला निघा, समुद्र शेकडो किलोमीटर लांब. त्यामुळे समुद्र म्हटलं की आम्हाला आधी रेल्वेचं तिकीट आठवतं! पण एक गंमत सांगते. दुर्गजवळून वाहणारी आमची शिवनाथ पुढे महानदीला मिळते. महानदी ओडिशात गेली की तिला फाटे फुटतात आणि त्यातल्या दया, भार्गवी अशा काही शाखा चिलिका सरोवरात उतरतात. म्हणजे आमच्या अंगणातल्या पावसाचा थोडासा वाटा तिकडच्या डॉल्फिनपर्यंत पोहोचतो. आज आपण त्याच डॉल्फिनबद्दल बोलणार आहोत, आणि आम्ही केलेल्या एका चुकीबद्दलही.

गेल्या हिवाळ्यात आम्ही चौघी मैत्रिणी पुरीला गेलो. दुर्गहून थेट गाडी आहे, रात्र गाडीतच जाते. एक दिवस देवदर्शन, आणि दुसरा दिवस राखून ठेवला चिलिकासाठी. पुरीहून साधारण पन्नास किलोमीटरवर सातपाडा आहे. तिथून बोटी सुटतात. सकाळी लवकर निघालं की संध्याकाळी पुरीत परत.

आधी चिलिका म्हणजे काय ते समजून घेऊ. हे ना पुरतं समुद्र, ना पुरतं तळं. एका बाजूने नद्यांचं गोडं पाणी येतं, दुसऱ्या बाजूने समुद्राचं खारं, आणि मधे मचूळ पाण्याचा हा अफाट पसारा. पावसाळ्यात तो अकराशे चौरस किलोमीटरच्याही वर जातो. जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांची जी रामसर यादी आहे, तिच्यात 1981 साली भारतातल्या पहिल्या दोन जागा गेल्या. एक राजस्थानातलं केवलादेव आणि दुसरं चिलिका.

पुढे काय झालं, समुद्राकडचं तोंड गाळाने भरत गेलं. खारेपणा घटला, पाणवनस्पती माजल्या, मासळी कमी झाली. 1993 मध्ये चिलिकाचं नाव धोक्यातल्या पाणथळ जागांच्या यादीत गेलं. मग सप्टेंबर 2000 मध्ये समुद्राकडे नवं तोंड उघडलं. खारं पाणी पुन्हा खेळू लागलं, मासळी परतली आणि 2002 मध्ये ते नाव त्या यादीतून निघालं. बिघडलेलं सुधारता येतं, याचं हे फार चांगलं उदाहरण आहे.

आता आपला पाहुणा. याचं नाव इरावती डॉल्फिन. चित्रात असतो तसा लांब चोचीचा, उंच उड्या मारणारा डॉल्फिन डोळ्यांसमोर आणू नका. याचं डोकं गोल गरगरीत, चोच नाहीच, पाठीवर छोटासा पर. नाव म्यानमारच्या इरावती नदीवरून पडलं, पण शास्त्रज्ञांनी ज्या नमुन्यावरून याचं पहिलं वर्णन केलं, तो मिळाला होता आपल्या विशाखापट्टणमला, 1852 मध्ये! चिलिकात हे साधारण दीडशे आहेत. हो, फक्त दीडशे. आमच्या गल्लीतल्या एका लग्नाला याहून जास्त माणसं येतात.

तर आम्ही बोटीत बसलो. अर्धा तास काहीच नाही. मग लांब पाण्यावर एक राखाडी पाठ दिसली आणि आमच्यातली एक ओरडली, ‘‘भैया, और पास लो!’’ नावाडी दादांनी बोट वळवली. आणखी दोन बोटी तिकडेच धावल्या. पाठ गायब. पुन्हा दिसली, पुन्हा आम्ही मागे. मी स्वतः म्हटलं, ‘‘दादा, जवळून दाखवलंत तर वर शंभर रुपये.’’ एकदा तर मोठ्या पाठीशेजारी एक लहान पाठ दिसली. तीन बोटी तीन बाजूंनी आल्या आणि दोन्ही पाठी बुडाल्या. त्यानंतर बराच वेळ काही दिसलं नाही. आमच्या मोबाइलमध्ये काय आलं? नुसतं पाणी.

हे असं का होतं, ते बघा. डॉल्फिन मासा नाही, आपल्यासारखाच सस्तन प्राणी आहे. श्वास घ्यायला त्याला वर यावंच लागतं. आपण वर इंजिन घेऊन उभे राहिलो, तर आपण त्याची श्वासाचीच जागा अडवतो. दुसरं म्हणजे चिलिकाचं पाणी गढूळ. तिथे डोळ्यांपेक्षा कान कामाचे. डॉल्फिन आवाज सोडतो आणि त्याच्या प्रतिध्वनीवरून मासा कुठे, पिल्लू कुठे, हे ओळखतो. हवेत आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो, पाण्यात सुमारे 1500. तीन इंजिनांची घरघर म्हणजे त्याच्यासाठी डोळ्यांवर बांधलेली पट्टीच. तिसरं, बोटीचा पंखा लागून आणि मासेमारीच्या जाळ्यात अडकून हे प्राणी मरतात. मादीला एका वेळी एकच पिल्लू होतं, तेही दरवर्षी नाही. दीडशेतलं एक गेलं, तर भरून यायला किती काळ लागेल, विचार करा.

मग दोष नावाड्याचा का? मला नाही वाटत. त्याचं पोट प्रवाशाच्या खुशीवर आहे. जवळ ने म्हणणारे आम्ही, बक्षीस लावणारी मी. मी दादांना म्हटलं, ‘‘चुकलं आमचं. इंजिन बंद करा, शंभर रुपये तसेही देणार.’’ ते हसले आणि बोट थांबवली.

पंधरा-वीस मिनिटं आम्ही गप्प. चौघी जणी गप्प, हेही एक नवलच! आणि मग लांबून ‘फुस्स’ असा आवाज आला. कुणीतरी जोरात सुस्कारा टाकावा तसा. डॉल्फिनचा श्वास होता तो. इंजिन चालू असतं तर तो ऐकूच आला नसता. पुढे दोन पाठी दिसल्या, एक मोठी, एक लहान. मघाचीच जोडी होती की दुसरी, कोण जाणे. आपल्या चालीने आल्या, गेल्या. फोटो कुणीच काढला नाही.

तेव्हा मंडळी, चिलिकाला जा, नाहीतर कोकणात मुरूड-हर्णै, तारकर्लीला जा, तीन गोष्टी लक्षात ठेवा. बोटीत बसण्याआधीच सांगा, ‘‘पाठलाग नको, लांबूनच दाखवा.’’ डॉल्फिन दिसला की इंजिन बंद करायला सांगा. एखाद्याभोवती आधीच बोट असेल तर तिकडे जाऊ नका. आणि बक्षीस द्यायचंच असेल, तर जवळ नेण्याचं नको, थांबण्याचं द्या. आपण ज्याचे पैसे देऊ, तेच उद्या वाढणार आहे.

परवा शिवनाथच्या पुलावरून जाताना पाण्याकडे बघितलं आणि तो ‘फुस्स’ आठवला. तुमच्या गावची नदी कुठल्या समुद्राला जाते? एकदा नकाशात शोधून बघा. भेटूया पुढच्या भागात. नमस्कार!