‘डी’मधला मजकूर, ‘सी’मधला फॉन्ट

वर्धा जिल्ह्यातल्या एका बंद पडलेल्या छापखान्याच्या संगणकाची हार्ड डिस्क भंगारात जाता जाता माझ्याकडे आली. १९९०नंतरच्या दहा-पंधरा वर्षांतला आपल्याकडचा बराच मजकूर अशाच डिस्कांवर अडकला आहे. हस्तलिखिते तेव्हा टाइप होताच रद्दीत जात.

अशी डिस्क थेट उघडू नये. विंडोजला जोडताच तिच्यावर नव्या नोंदी होऊ लागतात. आधी लिनक्सवरील ‘डीडीरेस्क्यू’ने तिची पहिल्या बाइटपासून शेवटच्या बाइटपर्यंत नक्कल, म्हणजे इमेज, घ्यावी. हा प्रोग्राम सुस्थितीतला भाग आधी उचलतो, खराब जागांकडे नंतर वळतो. हाती येते एकच अगडबंब फाइल.

ती एका बांधणीत शिवलेल्या दोन पुस्तकांसारखी असते. ‘माउंट’ ही आज्ञा नुसती दिली तर संगणक नकार देतो, कारण पहिल्या पानावर पुस्तक नाही, अनुक्रमणिका आहे. ५१२ बाइटांच्या त्या सेक्टरमध्ये चारच नोंदी मावतात. ‘एफडिस्क -एल’ने त्या वाचल्या की पार्टिशन, म्हणजे डिस्कचे कप्पे, कुठून सुरू होतात ते कळते. त्या काळी पहिला कप्पा बहुधा ६३व्या सेक्टरवर असे. ६३ गुणिले ५१२, म्हणजे ३२,२५६ बाइट. हा आकडा ‘ऑफसेट’ म्हणून ‘माउंट’ला द्यायचा आणि सोबत ‘आरओ’, म्हणजे फक्त वाचनापुरते, हे विसरायचे नाही. गुणाकाराचा कंटाळा असेल तर ‘लॉसेटअप’ला मोठा ‘पी’ जोडावा. प्रत्येक कप्प्याला वेगळे नाव मिळते. माझ्याकडच्या डिस्कचा दुसरा कप्पा, विंडोजमधला ‘डी’, पाचव्या क्रमांकावर दिसला. चार नोंदींबाहेरच्या कप्प्यांची गणती पाचापासून होते.

मजकूर सगळा ‘डी’मध्ये होता. मग ‘सी’ कशाला उघडायचा? युनिकोड रुळण्यापूर्वीचे मराठी फॉन्ट अक्षरांचे तुकडे रोमन अक्षरांच्या जागी बसवत. श्रीलिपीची मांडणी वेगळी, आकृतीची वेगळी. नेमका तो फॉन्ट नसेल तर कवितेच्या जागी निरर्थक रोमन चिन्हांचा खच दिसतो, आणि तो फॉन्ट असतो ‘सी’मधल्या विंडोजच्या ‘फॉन्ट्स’ फोल्डरमध्ये. लेखकांचे वारसदेखील लेखांची फोल्डरे तेवढी पेन ड्राइव्हवर घेतात आणि डिस्क विकून टाकतात. म्हणूनच संपूर्ण इमेजचा माझा आग्रह.

यापुढचे काम कष्टाचे. प्रत्येक तुकड्यासमोर त्याचे युनिकोड अक्षर लिहून तक्ता करावा लागतो. ऱ्हस्व वेलांटी त्या फाइलींत व्यंजनाच्या आधी असते, रफार नंतर. युनिकोडमध्ये दोन्हींची जागा उलटते. माझा तक्ता सध्या जोडाक्षरांपर्यंत आला आहे.