हेल्मेट चिवट कशाने होते?

१९८५ साली वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला आणि आपल्या शहराची दुचाकीशी सोयरीक जुळली. दुचाकी आली की हेल्मेट आलेच. पुष्कळ हेल्मेटांचे कवच एबीएस नावाच्या प्लॅस्टिकचे असते. एकाच पोत्यातल्या दाण्यांपासून केलेली दोन कवचे वजनाने व रंगाने सारखी असूनही एक चिवट आणि दुसरे ठिसूळ निघू शकते. असे का व्हावे?

प्रथम चिवटपणा म्हणजे काय ते पाहू. नुसते पॉलिस्टायरिन कडक, पण ठिसूळ असते. वाकवताच कटकन मोडते. एबीएसमध्ये रबराचे अतिसूक्ष्म कण पेरलेले असतात. त्यांचा आकार साधारणपणे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान असतो. धक्का बसला की या कणांभोवती असंख्य बारीक तडे उमटतात, प्लॅस्टिक ताणले जाते आणि धक्क्याची ऊर्जा तेथे खर्च होते. त्यामुळे एकच मोठा तडा सुसाट धावत नाही. असे प्लॅस्टिक वाकवल्यावर पडणारा पांढरा डाग ही त्याचीच खूण.

चिवटपणा मोजण्यासाठी लंबक वापरतात. समजा, २ किलोग्रॅमचा हातोडा ०.५ मीटर उंचीवरून सोडला. गुरुत्वत्वरण १० धरल्यास त्याची ऊर्जा १० ज्यूल. नमुना मोडून तो पलीकडे ०.२ मीटरच चढला, तर ४ ज्यूल उरले. म्हणजे नमुन्याने सुमारे ६ ज्यूल शोषले!

आता साच्याकडे वळू. सुमारे २२० ते २५० अंश सेल्सियस तापमानाचा रस मोठ्या दाबाने थंड साच्यात शिरतो. भिंतीला टेकलेला थर तत्काळ गोठतो. त्यातले लांबलचक रेणू आणि रबराचे कण प्रवाहाच्या दिशेने ताणलेलेच राहतात. बांबू उभा सहज चिरतो, आडवा नाही; तसाच येथेही प्रवाहाच्या दिशेने तडा लवकर धावतो.

दुसरी अडचण भोकांची. भोकासाठी साच्यात खुंटी असते. नदी खडकाला वळसा घालते तसा रस दुभंगून पलीकडे पुन्हा भेटतो. पाणी एकजीव होते. पण थंडावलेल्या रसाचे रेणू एकमेकांत पुरते गुंतत नाहीत. तो सांधा दुबळा राहतो. रस अधिक गरम ठेवला तर सांधा सुधारतो, परंतु फार तापवला किंवा फार वेळ तापत ठेवला तर रबरच बिघडते. दाणे नीट वाळवले नाहीत तर ओलाव्याची वाफ होऊन पृष्ठभागावर रुपेरी रेघा उठतात. म्हणून कारागिराला तापमान, दाब आणि वेळ यांचा मेळ घालावा लागतो. हे शिक्षण देणारी सिपेट ही संस्था आपल्याच शहरात आहे.

घाईने थंड केलेल्या कवचात ताण कोंडलेले राहतात. असे हेल्मेट पेट्रोलने किंवा थिनरने पुसले तर तडे जाऊ शकतात. म्हणून ते साबणाच्या पाण्यानेच पुसावे.

रंगाखालचा दुबळा सांधा डोळ्यांना दिसत नाही. तो चाचणीत कळतो. १ जून २०२१ पासून दुचाकीच्या हेल्मेटवर आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे, ते याचसाठी. आणि अपघातात आपटलेले हेल्मेट वरून धड दिसले तरी पुन्हा वापरू नये. आतले बारीक तडे भरून येत नाहीत. एकदा खर्च झालेला चिवटपणा परत मिळत नाही. घरी वडीलधाऱ्यांना हे अवश्य सांगा.