अमेरिकेनें ठरविलें, म्हणजे कोणीं ठरविलें?

श्रोतेहो, आमच्या उरण तालुक्यांत न्हावा-शेवा येथें १९८९ सालीं जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झालें, आणि तेव्हांपासून सातासमुद्रांपलीकडचें राजकारण आमच्या उंबरठ्याशीं येऊन उभें राहिलें आहे. पूर्वीं या भागांतील मनुष्यास मिठागर, भातशेती व मासेमारी यांपलीकडे पाहण्याचें फारसें कारण पडत नसे. आतां गांवोगांवचे तरुण कंटेनरांच्या कामावर पोट भरतात. आणि अमेरिकेनें जकात वाढविली अशी वार्ता आली कीं चहाच्या दुकानांत एकच प्रश्न निघतो: माल जाणार कीं अडणार? प्रश्न योग्यच आहे. परंतु त्याच्याही आधीं एक प्रश्न विचारावयास हवा, व तो सहसा कोणी विचारीत नाहीं. "अमेरिकेनें ठरविलें" असें आपण म्हणतों, तेव्हां ठरविणारा तो कोण? एक मनुष्य, एक सभा, कीं एखादें न्यायालय? ज्यास हें उमगलें, त्यास कोणता निर्णय टिकेल व कोणता उलटेल याचा थोडाफार अदमास करतां येतो. ज्यास उमगलें नाहीं, तो प्रत्येक वार्तेनें सारखाच घाबरतो. म्हणून त्या देशाच्या मध्यवर्ती सरकारची रचना शक्य तितक्या सोप्या रीतीनें आपणांपुढें मांडण्याचें मीं योजिलें आहे.

आरंभींच दोन शब्दांचा घोळ दूर करूं. "काँग्रेस" म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें एक राजकीय पक्ष उभा राहतो. अमेरिकेंत काँग्रेस हें तेथील संसदेचें नांव आहे, व तींत सर्व पक्षांचे लोक बसतात. दुसरें असें कीं, तेथील राष्ट्राध्यक्ष म्हणजे आपले राष्ट्रपति नव्हत. आपले राष्ट्रपति सर्वसाधारणपणें मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानें चालतात. तेथील राष्ट्राध्यक्ष स्वतःच कारभाराचा धनी असतो, आणि मंत्री हे त्याचे मदतनीस असतात.

अमेरिकेची राज्यघटना १७८७ सालीं फिलाडेल्फिया शहरीं लिहिली गेली व १७८९ पासून अंमलांत आली. मूळ कलमें अवघीं ७. पुढें २७ दुरुस्त्या झाल्या, त्यांतील शेवटची १९९२ सालची. इंग्लंडच्या राजाशीं लढून मोकळ्या झालेल्या त्या लोकांस एक मोठी धास्ती होती. एक राजा घालवून दुसरा आपल्याच हातांनीं डोक्यावर बसवून घ्यावयाचा कीं काय? त्यावर त्यांनीं जो उपाय काढला, तो आपणांस दृष्टांतानें चटकन् कळेल. देवस्थानच्या पेटीस तीन कुलुपें घालावीं, तीन किल्ल्या तीन निरनिराळ्या पंचांकडे द्याव्या, म्हणजे एकट्यादुकट्यास पेटी उघडतां येत नाहीं. अमेरिकन घटनेनें राज्यसत्तेची पेटी अशीच बांधली आहे. कायदा करण्याची किल्ली काँग्रेसकडे, अंमल करण्याची राष्ट्राध्यक्षाकडे, आणि कायद्याचा अर्थ सांगण्याची न्यायालयाकडे.

काँग्रेसचीं सभागृहें दोन. प्रतिनिधिगृहाचे सभासद ४३५; ते लोकसंख्येच्या प्रमाणांत निवडले जातात व त्यांची मुदत केवळ दोन वर्षांची असते. सिनेटचे सभासद १००; राज्य लहान असो वा मोठें, प्रत्येकीं दोन. त्यांची मुदत सहा वर्षांची, आणि दर दोन वर्षांनीं एकतृतीयांश जागांची निवडणूक होते. आपल्या राज्यसभेंत महाराष्ट्राच्या जागा १९ आणि गोव्याची १. तेथें मात्र कॅलिफोर्नियाचे प्रतिनिधि ५२ व वायोमिंगचा अवघा १ असला, तरी सिनेटमध्यें दोघांचें बळ सारखें. लहान राज्यांस मोठ्यांनीं गिळूं नये यासाठीं हा तोड काढलेला आहे. करासंबंधीचें विधेयक प्रथम प्रतिनिधिगृहांतच निघावें लागतें. परराष्ट्रांशीं होणाऱ्या तहांस सिनेटच्या दोनतृतीयांश मतांची, व मंत्री आणि न्यायाधीश यांच्या नेमणुकांस सिनेटच्या संमतीची गरज असते.

राष्ट्राध्यक्षाची मुदत चार वर्षांची. कोणासही दोनांहून अधिक वेळां त्या पदावर निवडून येतां येत नाहीं, असें १९५१ सालच्या दुरुस्तीनें ठरलें आहे. त्याची निवड लोकांच्या सरळ बेरजेनें होत नाहीं. ५३८ निर्वाचक असतात व जो २७० मिळवील तो विजयी ठरतो. बहुतेक सर्व राज्यांत ज्यास अधिक मतें पडतील, त्यास त्या राज्याचे सारेच निर्वाचक मिळतात. म्हणूनच २००० व २०१६ या दोन्ही सालीं देशभर अधिक मतें मिळविलेला उमेदवार हरला. काँग्रेसनें मंजूर केलेलें विधेयक राष्ट्राध्यक्षास नाकारतां येतें. परंतु दोन्ही सभागृहांनीं तें पुन्हां दोनतृतीयांश मतांनीं मंजूर केलें, तर त्याच्या सहीवांचूनही तो कायदा होतो.

तिसरी किल्ली सर्वोच्च न्यायालयाची. न्यायाधीश नऊ, राष्ट्राध्यक्षानें नेमावे, सिनेटनें संमति द्यावी, आणि एकदां नेमले कीं ते तहाहयात. १८०३ सालीं या न्यायालयानें ठरविलें कीं, घटनेशीं विसंगत असलेला कायदा रद्दबातल होय. तो दंडक आजतागायत चालत आला आहे.

या तिन्ही किल्ल्या प्रत्यक्षांत कशा फिरतात, हें आपल्याच लोकांच्या कथेवरून पाहूं. परक्यांस नागरिक करून घेण्याचा अमेरिकन कायदा १७९० पासून "गोऱ्या" मनुष्यांपुरता होता. १८७० सालीं त्यांत आफ्रिकन वंशाच्या लोकांची भर पडली. १९२३ सालीं भगतसिंग थिंद या पंजाबी गृहस्थाच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें निर्णय दिला कीं, हिंदी मनुष्य त्या कायद्याच्या अर्थानें गोरा नव्हे. थिंद यांची बाजू मांडणाऱ्या वकिलाचें नांव होतें सखाराम गणेश पंडित. ते स्वतः १९१४ पासून अमेरिकेचे नागरिक होते. या निकालाचा आधार घेऊन सरकारनें त्यांचेंही नागरिकत्व काढून घेण्याचा दावा लाविला. पंडित डगमगले नाहींत. ते न्यायालयांत सरकारशीं लढले. १९२६ सालीं अपील न्यायालयानें त्यांच्या बाजूनें निकाल दिला, आणि १९२७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें सरकारचा अर्ज ऐकून घेण्याचेंच नाकारलें. ज्या न्यायालयांनीं थिंद यांस नाकारलें, त्यांनींच पंडितांस तारलें. त्यावरून इतकें दिसतें कीं, तेथील सरकार स्वतःच्या न्यायालयांत हरूं शकतें.

तथापि न्यायालय कायद्याचा अर्थ सांगतें. कायदा बदलीत नाहीं. इतर हिंदी लोकांपुढील दार उघडावयाचें, तर पहिली किल्ली फिरावयास हवी होती. त्यास २३ वर्षें लागलीं. हिंदी लोकांस नागरिकत्व देणारा कायदा काँग्रेसनें संमत केला, व राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनीं त्यावर २ जुलै १९४६ रोजीं सही केली. मात्र येणाऱ्यांची संख्या वर्षास १०० एवढीच ठरविली. देशपरत्वें ठरलेला हा कोटा १९६५ सालच्या कायद्यानें उठला, आणि मग आपल्याकडील विद्यार्थी, वैद्य व इंजिनिअर मोठ्या संख्येनें तिकडे जाऊं लागले.

त्यांतच बेळगांव जिल्ह्यांतील चिकोडीचे श्री ठाणेदार हे एक होत. बेळगांवांत वाढलेला हा मराठी तरुण १९७९ सालीं शिक्षणासाठीं अमेरिकेस गेला व १९८८ सालीं तेथील नागरिक झाला. नोव्हेंबर २०२२ मध्यें मिशिगन राज्याच्या तेराव्या मतदारसंघांतून ते प्रतिनिधिगृहावर निवडून आले. डेट्रॉईट शहराचा मोठा भाग त्या मतदारसंघांत येतो. २०२४ सालीं ते पुन्हां निवडून आले. प्रतिनिधि होण्यास २५ वर्षें वय व सात वर्षांचें नागरिकत्व पुरतें. सिनेटसाठीं ३० व नऊ. राष्ट्राध्यक्ष होण्यास मात्र मनुष्य जन्मतःच नागरिक असावा लागतो. म्हणजे चिकोडींत जन्मलेल्या मनुष्यास पहिल्या किल्लीस हात लावतां येतो, दुसरी किल्ली त्याच्या हातीं कधींच यावयाची नाहीं.

याच ठाणेदारांनीं २०२५ सालीं राष्ट्राध्यक्षांवर महाभियोगाचीं कलमें मांडलीं होतीं. तीं पुढें गेलीं नाहींत. महाभियोगाची रीत अशी: प्रतिनिधिगृहानें साध्या बहुमतानें आरोप ठेवावा, सिनेटनें चौकशी करून दोनतृतीयांश मतांनीं दोषी ठरवावें. १८६८ सालीं जॉन्सन यांच्यावर, १९९८ सालीं क्लिंटन यांच्यावर, आणि २०१९ व २०२१ असा दोन वेळां ट्रम्प यांच्यावर आरोप ठेवला गेला. सिनेटनें एकासही दोषी ठरविलें नाहीं. निक्सन यांनीं १९७४ सालीं आरोप ठेवला जाण्यापूर्वींच राजीनामा दिला. सारांश, राष्ट्राध्यक्षास मुदतीपूर्वीं काढणें जवळजवळ अशक्य आहे.

येथें आपल्या घटनाकारांची आठवण होणें साहजिक आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठांत १९१३ ते १९१६ पर्यंत अध्ययन केलें होतें. अमेरिकेची पद्धति त्यांनीं जवळून पाहिली होती. तरी ४ नोव्हेंबर १९४८ रोजीं घटनेचा मसुदा मांडतांना, आपण ती पद्धति कां घेतली नाहीं, हें त्यांनीं घटनासमितीस समजावून सांगितलें. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा कीं, अमेरिकन पद्धतींत स्थैर्य अधिक व जबाबदारी कमी; संसदीय पद्धतींत जबाबदारी अधिक व स्थैर्य कमी; आणि मसुद्यानें जबाबदारीस अग्रस्थान दिलें आहे. आपल्याकडे लोकसभेचा विश्वास उडाला कीं मंत्रिमंडळ त्या दिवशीं कोसळतें. तेथें काँग्रेसनें कितीही नापसंती दाखविली तरी राष्ट्राध्यक्ष चार वर्षें कायम.

याचा एक परिणाम आपणांस विचित्र वाटेल. खर्चाचें विधेयक अडलें, तर आपल्याकडे सरकार पडेल. तेथें सरकार पडत नाहीं, कचेऱ्या बंद पडतात! १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर २०२५ असे ४३ दिवस तेथील मध्यवर्ती सरकारचीं पुष्कळ कामें बंद राहिलीं व असंख्य नोकरांना वेळेवर पगार मिळाला नाहीं. तीन कुलुपांच्या पेटींत चोरी होत नाहीं हें खरें. परंतु पंचांत बेबनाव झाला, तर देवाच्या नैवेद्यासही पैसा निघत नाहीं.

आतां आपल्या बंदराकडे वळूं. भारतीय मालावर ७ ऑगस्ट २०२५ पासून शेंकडा २५ जादा जकात लागली, आणि २७ ऑगस्टपासून आणखी २५ ची भर पडली. ही कोणीं लावली? घटनेप्रमाणें जकात बसविण्याचा अधिकार काँग्रेसचा आहे. परंतु काँग्रेसनें निरनिराळ्या कायद्यांनीं त्यांतील कांहीं अधिकार राष्ट्राध्यक्षास दिले आहेत. आणि या वेळीं आणीबाणीच्या आर्थिक अधिकारांविषयींच्या १९७७ सालच्या कायद्याचा आधार घेऊन राष्ट्राध्यक्षांनीं स्वतःच्या हुकुमानें ती लावली. वाढीव जकात सुरू झाल्यानंतर दोनच दिवसांनीं, २९ ऑगस्ट रोजीं, वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयानें सात विरुद्ध चार मतांनीं म्हटलें कीं, त्या कायद्यानें इतका अधिकार राष्ट्राध्यक्षास मिळत नाहीं. तथापि निर्णयाचा अंमल लगेच झाला नाहीं. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला व तेथें ५ नोव्हेंबर २०२५ रोजीं त्याची सुनावणी झाली. म्हणजे न्हावा-शेव्याच्या धक्क्यावरील एका पेटीच्या भाड्याशीं १७८७ सालच्या घटनेचें कलम येऊन भिडलें.

तेव्हां श्रोतेहो, अमेरिकेची वार्ता वाचतांना तीन प्रश्न मनाशीं विचारण्याची संवय ठेवावी. हा काँग्रेसचा कायदा आहे, कीं राष्ट्राध्यक्षाचा हुकूम, कीं न्यायालयाचा निकाल? कायदा असेल, तर तो सहसा दीर्घकाळ टिकतो. १७९० सालची ती अट हलवावयास दीडशेंहून अधिक वर्षें लागलीं. हुकूम असेल, तर पुढचा राष्ट्राध्यक्ष, किंबहुना तोच राष्ट्राध्यक्ष, एका सहीनें तो बदलूं शकतो. निकाल असेल, तर तो कोणत्या पायरीच्या न्यायालयाचा आहे हें पाहावें. ज्यांचीं मुलें तिकडे शिकावयास जाणार आहेत, ज्यांचा माल तिकडे जातो, किंवा ज्यांची रोजी बंदरावर अवलंबून आहे, त्यांनीं हे प्रश्न आधीं विचारावे, आणि कर्ज काढावें कीं नाहीं, सौदा करावा कीं थांबावें, हें मग ठरवावें. दूरदेशींच्या राज्यकारभाराचें ज्ञान हें आतां विद्वानांच्या चर्चेपुरतें राहिलेलें नाहीं. आमच्या तालुक्यांत तरी तें घरखर्चाच्या वहीइतकेंच उपयोगाचें झालें आहे.